ओरखडा आणि गंज

लोखंडावर गंज चढतो तो सरसकट चढत नाही. तो आधी जागा हेरतो. रंगवलेल्या फाटकाची कडी जेथे घासते तेथे, खिडकीच्या गजाला जेथे जोड दिलेला असतो तेथे, बादलीची कडी ज्या कानात फिरते त्या कानाशी त्याचा पहिला तांबूस ठिपका उमटतो. पिकअप गाडीच्या हौद्यावर शिड्या, नळ, बांबू, लाकूडफाटा वाहण्यासाठी लोक घरच्या घरी किंवा कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात चौकोनी नळ्या जोडून सांगाडा तयार करतात, त्याचीही हीच कथा असते. सांगाडा दोन दिवसांत उभा राहतो, त्यावर काळ्या रंगाचे दोन हात दिले जातात, आणि एक पावसाळा उलटण्याच्या आतच शिडी सरकते त्या आडव्या दांड्यावर व दोर आवळतात त्या कोपऱ्यांवर नारिंगी रेघा दिसू लागतात. रंग बाकी सर्वत्र शाबूत असतो. मात्र जेथे ओरखडा तेथे गंज. ह्या एका ओरखड्याचे काय करावे, हा प्रश्न मनुष्याने गेली दोन हजार वर्षे वेगवेगळ्या रीतीने सोडवून पाहिला आहे.

गंजण्यासाठी लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू अशी दोन्ही लागतात. त्यांत मीठ मिसळले की कामाला वेग येतो. जगातील बहुतेक धातू हवेशी संयोग पावतात, पण अ‍ॅल्युमिनियमवर तयार होणारा थर अंगाला घट्ट चिकटून बसतो व पुढचा मार्ग बंद करतो. लोखंडाचा गंज असे काही करीत नाही. तो सच्छिद्र असतो आणि ज्या लोखंडापासून तो झाला त्याहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली शिरलेला गंज फुगतो, रंग उचलतो, पोपडा धरतो आणि त्या पोपड्याखाली पाणी साठवून ठेवतो. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात मिठाच्या पाण्याचा एक थेंब पोलादावर ठेवून दाखवून दिले की, धातू झिजतो तो थेंबाच्या मध्यभागी, जेथे प्राणवायू कमी पोहोचतो तेथे. आणि कडेला, जेथे हवा भरपूर असते, तेथे धातू सुरक्षित राहतो. हे ऐकताना उलटे वाटते खरे. परंतु फटीत, सांध्यात आणि पोपड्याखाली गंज अधिक खोल का जातो, ह्याचे उत्तर त्या थेंबात आहे.

शेतकऱ्याला ही गोष्ट शास्त्रावाचून ठाऊक होती. नांगराचा फाळ वापरात असतो तोवर चकचकीत राहतो. हंगाम संपला की त्याला तेल चोपडून तो आढ्याला टांगून ठेवायचा, हा रिवाज होता. रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात सफेदा, जिप्सम आणि झाडाचे डांबर ह्यांचा लेप लोखंडाला सांगितला आहे. पुढे युरोपात शेंदूर आणि जवसाचे तेल ह्यांची जोडी जमली. आपल्याकडे मारुतीच्या मूर्तीला जो शेंदूर फासतात, तोच हा शिशाचा तांबडा भस्म. रंगाऱ्यांच्या भाषेतल्या बेलतेलात तो घोटला की लोखंडावर असा काही चिवट अस्तर बसतो की त्याच्या तोडीचे दुसरे द्रव्य दीर्घकाळ कोणाला सापडले नाही. शेंदूर नुसता झाकत नाही. तेलाशी त्याचा संयोग होऊन जे शिशाचे साबण तयार होतात ते गंजाच्या क्रियेलाच अडवतात. जहाजे, पूल, गॅसच्या टाक्या ह्या सर्वांचा पहिला हात शतकभराहून अधिक काळ शेंदराचा असे. परंतु शिसे विषारी आहे, आणि ते खरवडणाऱ्या कामगारांच्या अंगात ते भिनत असे. म्हणून पुढे शेंदराला ह्या कामातून रजा द्यावी लागली. आज कोपऱ्यावरचा रंगारी लोखंडाला जो रेड ऑक्साइडचा हात देतो तो दिसायला शेंदरासारखा असला, तरी तो नुसता लोहभस्माचा रंग आहे. शेंदराचा गुण त्यात नाही. रंगाच्या साम्यामुळे हा गैरसमज मात्र अजून टिकून आहे.

लोखंडाला बाहेरून काहीच न लावता ते टिकवता येईल काय? ह्याचे सोळाशे वर्षांचे जुने उत्तर दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारात उभे आहे. गुप्तकाळातील ती लोहस्तंभाची उंची सात मीटरांहून थोडी अधिक व वजन सहा टनांहून अधिक आहे. तिच्याविषयी चमत्काराच्या कथा पुष्कळ झाल्या. खरे कारण कानपूरच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम ह्यांच्या संशोधनाने २००० च्या सुमारास स्पष्ट झाले. जुन्या लोहारांनी लोणारी कोळशावर, चुनखडी न घालता लोखंड गाळले, त्यामुळे त्यात फॉस्फरस राहून गेला. आधुनिक पोलादातून तो दोष मानून काढून टाकतात, कारण त्याने धातू ठिसूळ होतो. पण दिल्लीच्या हवेत भिजणे आणि वाळणे ह्यांच्या आळीपाळीने ह्याच फॉस्फरसपासून लोखंडाच्या अंगावर अत्यंत पातळ असा फॉस्फेटचा पापुद्रा तयार झाला. यात्रेकरू पाठ लावून स्तंभाला मिठी मारीत, त्या घर्षणाने कमरेएवढ्या उंचीवरचा पट्टा गुळगुळीत होऊन गेला. १९९७ साली भोवती कठडा घालावा लागला. तरीही स्तंभ तेथून गंजून गेला नाही, कारण पापुद्रा करणारे द्रव्य धातूच्या आतच आहे. मात्र जमिनीखालच्या भागाला, जो कधी धड वाळत नाही, त्याला गंजाने सोडले नाही.

इंदूरपासून थोड्या तासांच्या अंतरावर धार येथे ह्या स्तंभाचे मोठे भावंड पडले आहे. पवारांच्या ह्या जुन्या राजधानीतील लाट मशिदीला नावच मुळी त्या लोहस्तंभावरून मिळाले. मशीद १४०५ मधील, स्तंभ त्याहून पुष्कळ जुना, परंपरेने भोजराजाच्या काळचा मानलेला. तिन्ही तुकडे जोडले तर लांबी तेरा मीटरांच्या घरात जाते, म्हणजे दिल्लीच्या स्तंभाच्या जवळजवळ दुप्पट. गुजरातच्या बहादूरशहाने तो नेण्याचा प्रयत्न केला तेव्हा तो मोडला, असे जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. त्याच्या लोखंडातही फॉस्फरसचे प्रमाण असेच अधिक आढळले. दिल्लीच्या स्तंभाला जेवढे प्रेक्षक मिळतात त्याच्या शतांशही धारला मिळत नाहीत, आणि हा न्याय नव्हे.

बाहेरच्या लेपाने झाकणे आणि आतल्या द्रव्याने तगणे, ह्या दोन वाटा झाल्या. तिसरी वाट सापडली ती लोखंडासाठी नव्हे, तांब्यासाठी. आणि तिचा पहिला प्रयोग एका भारतीय बांधणीच्या जहाजावरही झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकीत. समुद्राच्या पाण्यात ते पत्रे लवकर झिजत, आणि खर्च भरमसाट होई. आरमाराने हा प्रश्न रॉयल सोसायटीपुढे ठेवला. सोसायटीचे अध्यक्ष सर हंफ्री डेव्ही ह्यांनी १८२४ मध्ये जो विचार मांडला तो विलक्षण साधा होता. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात असले, की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो. त्यात एक धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. मग तांब्याला असा सोबती द्यावा की जो स्वतः झिजून तांब्याला वाचवील. जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा तांब्याला जोडून त्यांनी पाहिले. तांब्याच्या पृष्ठभागाच्या दीडशेव्या भागाएवढा तुकडाही पुरेसा ठरला. म्हणजे राखणदाराने राखायच्या वस्तूला सर्वत्र झाकण्याची गरजच नव्हती. त्याने नुसते लागून उभे राहिले की काम होत होते.

कोचीन येथे १८२२ साली बांधून पाण्यात सोडलेल्या ‘समारंग’ ह्या जहाजाला असे रक्षक तुकडे बसवून ते अटलांटिक ओलांडून नोव्हा स्कोशियापर्यंत पाठवण्यात आले. तांबे वाचले. शास्त्र जिंकले. पण जहाजे संथ चालू लागली! तांबे झिजत होते तोवर त्याच्या विषाने शिंपले व शेवाळ तळाला धरत नव्हते. झिजणे थांबताच समुद्रातील सगळी वस्ती तळाला येऊन चिकटली. आरमाराने रक्षक तुकडे काढून टाकले आणि डेव्हींच्या वाट्याला उपहास आला. त्यांचा सिद्धान्त मात्र अचूक होता. चुकली होती ती जागा. तांब्याऐवजी लोखंडाला हीच सोबत दिली असती तर शिंपल्यांचा प्रश्न निराळा हाताळता आला असता, आणि पुढे तेच झाले. आज पोलादी जहाजांच्या तळाला, सुकाणूजवळ, जस्ताचे ठोकळे बसवलेले असतात; ते झिजतात व वेळोवेळी बदलले जातात.

जस्त वितळवून त्यात लोखंड बुडवण्याची कल्पना फ्रान्समध्ये मालुअँ ह्याने १७४२ मध्येच मांडली होती. तिला व्यवहारात आणले स्तानिस्लास सोरेल ह्या फ्रेंच अभियंत्याने १८३७ च्या एकस्वाने. त्याच वर्षी इंग्लंडमध्येही तशाच कृतीचे एकस्व घेतले गेले. बेडकाच्या पायावर प्रयोग करणाऱ्या बोलोन्याच्या गॅल्व्हानी ह्याचे नाव सोरेलने आपल्या कृतीला दिले, कारण लेपाइतकाच विजेचा गुण त्यात आहे हे त्याला कळले होते. कृती अशी: लोखंड आम्लात धुवायचे, नवसागराच्या पाण्यातून काढायचे आणि सुमारे ४५० अंश सेल्सियसला वितळलेल्या जस्ताच्या कुंडात बुडवायचे. नवसागर म्हटल्यावर मराठी घरात कल्हईवाल्याची आठवण होणारच. भाता, तापलेले भांडे, नवसागराची चिमूट, पांढऱ्या धुराचा लोट आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील. तापलेला धातू साफ करून दुसऱ्या धातूला चिकटवण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

ज्या जस्ताने युरोपात ही क्रांती केली, ते धातुरूपात काढण्याची विद्या भारतात आधी पक्की झाली होती. जस्ताचे खनिज भट्टीत तापवले की धातू वितळण्याऐवजी वाफ होऊन उडून जातो. म्हणून ती वाफ खाली ओढून थंड करावी लागते. राजस्थानात उदयपूरजवळच्या झावर येथे मातीच्या लांबट मुशी उलट्या लावून, तोंडे खाली ठेवून, बाराव्या शतकापासून मोठ्या प्रमाणावर ही ऊर्ध्वपातनाची क्रिया चालत असे. वापरून फेकलेल्या त्या मुशींचे ढीग आजही तेथे आहेत, आणि गावकऱ्यांनी घरांच्या भिंतींतही त्या रचल्या आहेत. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या चँपियनने ह्याच प्रकारची कृती स्वतःच्या नावे नोंदवली ती १७३८ साली.

आता ओरखड्याकडे वळावे. बिस्किटांचा कथलाचा डबा आणि जस्ती बादली, दोन्ही मुळात लोखंडाचीच. दोघांवर खिळ्याने एकेक रेघ ओढून ती पावसात ठेवली, तर डब्याच्या रेघेवर लवकरच गंज धावतो आणि बादलीची रेघ पुष्कळ काळ स्वच्छ राहते. कथील लोखंडाहून ‘उच्च’ आहे. अखंड आहे तोवर ते उत्तम राखते, परंतु एकदा फाटले की दोघांच्या त्या विजेच्या व्यवहारात झिजण्याची पाळी लोखंडावर येते, आणि उघडे लोखंड एकटे असते त्याहून जलद गंजते. जस्ताचे नेमके उलट आहे. ते ओरखड्याच्या दोन्ही काठांवरून स्वतः झिजते आणि मधले लोखंड सांभाळते. त्याचा हात फार लांब पोहोचत नाही, दोन-चार मिलिमीटर रुंदीच्या जखमेपुरताच. पण शिडी सरकून उठणारे ओरखडे बहुधा त्याहून रुंद नसतातच. शिवाय गरम कुंडातून निघालेल्या लेपात जस्त आणि लोखंड ह्यांचे मिश्रधातूंचे थर तयार होतात, त्यांतले काही मूळ पोलादाहूनही कठीण असतात. सारा लेप जेमतेम ८० ते ८५ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या बाराव्या हिश्शाएवढा. रंगाच्या दुकानात ह्या तोडीचे काही मिळत नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

मोठ्या पुलांना कुंडात बुडवता येत नाही. त्यांना रंगाचाच आधार. पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ पासून साधारण दर सात वर्षांनी रंगवला जातो आणि दर खेपेस सुमारे ६० टन रंग लागतो. स्कॉटलंडमधील १८९० च्या फोर्थ पुलाचे रंगकाम एका टोकाला संपते तेव्हा दुसऱ्या टोकाला सुरू करावे लागते, अशी म्हणच तिकडे पडली. सॅनफ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाची मूळ शेंदरी पुटे १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षे खरवडून काढीत होते, आणि त्यांच्या जागी जस्ताची पूड सिलिकेटमध्ये कालवलेला थर देण्यात आला. रंगाच्या डब्यात जस्त घालण्याची ही युक्ती ऑस्ट्रेलियात १९४० नंतर मॉर्गन ते व्हायला ह्या लांब जलवाहिनीवर सिद्ध झाली होती. डेव्हींचा राखणदार आता ब्रशाने लावता येऊ लागला.

तथापि ज्या जागी ब्रश पोहोचत नाही त्या जागेचे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेला फार महाग पडले. ओहायो नदीवरील १९२८ साली बांधलेला सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी, सायंकाळच्या गर्दीच्या वेळी, गाड्यांसह नदीत कोसळला. ४६ माणसे मेली. तपासात निघाले ते एवढेच: साखळीतल्या एका पट्टीच्या डोळ्यात, जेथे खिळा बसतो त्या आतल्या कडेला, गंज आणि ताण ह्यांच्या संगनमताने सुमारे अडीच मिलिमीटर खोल चीर पडली होती. जोड उकलल्यावाचून ती दिसणे शक्यच नव्हते. बाहेरून पूल रंगवलेला होता. त्या अपघातानंतर तेथे पुलांच्या नियमित तपासणीचा कायदा आला. भारतातही पांबनचा १९१४ चा रेल्वेपूल समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात शतकभर टिकला, पण गंजामुळेच २०२२ च्या अखेरीस त्याच्यावरून गाड्या थांबवाव्या लागल्या. शेजारी उभारलेला नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला.

पुलांच्या मानाने गाडीच्या हौद्यावरचा सांगाडा म्हणजे क्षुल्लक गोष्ट. पण त्याच्यावर बांधलेली शिडी भर रस्त्यात सुटून मागच्या दुचाकीस्वारावर गेली तर ती क्षुल्लक राहत नाही. फोर्डने १९२५ मध्ये कारखान्यातच हौदा बसवलेली मॉडेल टी गाडी २८१ डॉलरना विकायला काढली, त्यापूर्वी अमेरिकन शेतकरी गाडीचे मागचे अंग काढून लाकडी हौदा स्वतःच ठोकून घेत. हौद्यावर काय चढवायचे हे नंतरही त्यांनी स्वतःकडेच ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याची पद्धत सर्रास झाली आणि घरगुती सांगाड्यांचे आयुष्य घटले. आपल्याकडे जमशेदपूरहून १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीझचे ट्रक निघू लागले, तेव्हा बहुधा नुसती सांगड विकली जाई आणि हौदा गावोगावचे सुतार-लोहार बांधीत. ती कारागिरी आजही संपलेली नाही. रस्त्यावर मीठ नाही, पण कोकण व गोव्याची हवा मिठाची उणीव भासू देत नाही.

ह्या कारागिराला वरच्या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. वेल्डिंगच्या सांध्यावर बसलेली काळी खपली आणि मळी तारेच्या ब्रशाने व पॉलिश कागदाने साफ केल्यावाचून रंगाचा हात देणे म्हणजे गंजाला पांघरूण घालणे होय. साफ धातूवर पहिला हात जस्ताच्या पुडीचा भरपूर भरणा असलेल्या रंगाचा असावा. त्यातील जस्त पोलादाला प्रत्यक्ष टेकले पाहिजे, म्हणून तो रेड ऑक्साइडवर देऊन उपयोग नाही. कारखान्यात गरम जस्त चढवून आणलेल्या सांगाड्यावर पुढे साधा तेली रंग देऊ नये. तेल आणि जस्त ह्यांचा साबण होऊन तो रंग सालीसारखा निघतो. जस्ती नळी जाळून वेल्डिंग केले तर त्या पांढऱ्या धुराने कारागिराला थंडीताप भरतो, हे जुने वेल्डर जाणतात. जोडण्याच्या जागेवरचे जस्त आधी घासून काढावे आणि जोड झाल्यावर त्या जागी जस्तरंग द्यावा. शिडी टेकते त्या दांड्यावर रबराची पट्टी बसवतात, ती ओरखडे वाचवते खरी. पण पट्टीखाली पाणी कोंडले, तर इव्हान्सच्या थेंबाची क्रिया तेथेच सुरू होते. म्हणून पट्टी वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, सोडवून खालचा दांडा पाहावा.

आणि नळीची पोकळी. बाहेरून चकचकीत असलेला सांगाडा आतून गंजत असतो, कारण बोल्टच्या भोकातून शिरलेले पाणी बाहेर यायला वाट नसते. प्रत्येक उभ्या नळीच्या तळाशी एक भोक ठेवले की पाणी निथळून जाते. सांगाडा जस्ताच्या कुंडात पाठवायचा असेल तर हे भोक वरही लागते, खालीही लागते: दोन्ही तोंडे बंद केलेली नळी ४५० अंशांच्या जस्तात गेली, की आत अडकलेली हवा आणि ओल एकदम प्रसरण पावून ती नळी फुटते, आणि वितळलेले जस्त भोवतालच्या माणसांच्या अंगावर उडते. जाणता कारखाना अशी नळी कुंडाजवळ नेण्याआधी तिला भोके पाडून घेतो, नाहीतर ती परत पाठवतो.